सात नंबरच्या डब्यात काय असतं

ताईची चप्पल जिन्यात निसटून राहिली आणि तिला ती राहिल्याचं कळलंच नाही, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मी दाराशी उभी होते. ती कामावरून येऊन कठड्याला धरून वर चालली होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि चेहऱ्यावर मात्र काहीच नाही.

"ताई, एक चप्पल खाली राहिली," मी म्हटलं.

तिने पायाकडे बघितलं. मग खाली बघितलं. चार पायऱ्या मागे ती चप्पल पालथी पडली होती.

"अगं बाई! बुटांच्या कारखान्यात जन्म गेला आणि स्वतःची चप्पल सांभाळता येईना," असं म्हणून ती हसली. मीही हसले. त्या दिवशी ते हसण्यासारखंच होतं.

ताई आमच्या वरच्या मजल्यावर राहते, ती आणि तिची बहीण, जिला सगळा जिना धाकटी म्हणतो. मी कधी कुठे शिकवलेलं नाही, पण कॉलेज केलेली म्हणून ताईने मला पहिल्या महिन्यातच मास्तरीण करून टाकलं. कुणाचा अर्ज असो, बिलाची तक्रार असो, शाळेत द्यायची चिठ्ठी असो, ती त्या माणसाला हाताला धरून माझ्याकडे घेऊन यायची. "हिला लिहू दे. हिचं अक्षर बघूनच समोरचा अर्धा गार पडतो."

ती स्वतः एकोणीस वर्षं चिकटवण्याच्या टेबलावर होती. टेबलाभोवती सात जणी, प्रत्येकीसमोर पत्र्याची वाटी, वाटीत सोल्युशन, सोल्युशनमध्ये ब्रश. बुटाचा वरचा भाग घ्यायचा, कडेने ब्रश फिरवायचा. सोल घ्यायचा, त्यावर फिरवायचा. दोन्ही जरा वेळ तसेच ठेवायचे आणि सोल्युशन धड ओलं नाही, धड वाळलेलं नाही अशा वेळी एकमेकांवर दाबून बसवायचे. ती वेळ घड्याळाला कळत नाही. बोटाची मागची बाजू टेकवून बघावी लागते. बोटाला ओढ लागली पाहिजे, पण बोटावर काही यायला नको. ताईला बोटही टेकवावं लागत नसे. ती नुसत्या वासावर सांगायची, "आता बसव." नवीन येणाऱ्या मुली तिच्या नाकाच्या भरवशावर काम शिकल्या. "ताई, तू रिटायर होशील तेव्हा नाक इथे ठेवून जा," असं साहेब म्हणाले होते. ते आम्हाला वर्षातून दोनदा तरी ऐकायला लागायचं, आणि ऐकताना दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करायला लागायचं.

आई-वडील लवकर गेले. धाकटी तेव्हा शाळेत होती. ताईने लग्न केलं नाही. "करायचं राहून गेलं," असं ती सांगायची, एखादं पातेलं घासायचं राहून जावं तशा आवाजात. धाकटीचं शिक्षण तिने केलं, आणि शिकूनही धाकटीला दोन वर्षं काही मिळेना, तेव्हा साहेबांच्या मागे लागून तिला आपल्याच टेबलावर लावून घेतलं. अगदी शेजारच्या खुर्चीवर. "माझ्या डोळ्यांसमोर राहील," ती मला म्हणाली होती. किती खूश होती त्या दिवशी.

चपलेनंतर महिनाभरात बटणं लागेनाशी झाली. ब्रश हातातून सुटून वाटीत पडायला लागला. मग एक दिवस अंघोळीच्या वेळी पायावर कढत पाणी पडलं. पाय लाल झालेला दिसला तेव्हा तिला समजलं की पाणी कढत होतं. त्या दिवशी मात्र मी तिचं काही ऐकलं नाही, तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

नसांच्या डॉक्टरीणबाई वयाने धाकटीएवढ्या. त्यांनी ताईच्या पायांना तारा लावल्या, बारीक बारीक झटके दिले, मशीनवरच्या रेघा बघितल्या आणि खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"काम काय करता?"

"बुटांना सोल्युशन लावते."

"कसलं सोल्युशन?"

"बुटांचं."

"ते कळलं. त्यात असतं काय?"

"त्यात ब्रश असतो," ताई म्हणाली. तिला खरंच दुसरं उत्तर माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. काही सोल्युशनमध्ये असा पदार्थ असतो, की तो हवेत उडतो, श्वासातून आत जातो आणि पायांच्या टोकापासून नसा निकामी करत वर येतो. काहींमध्ये तो नसतो. मधुमेहानेही असं होऊ शकतं, पण ताईला मधुमेह नव्हता.

"म्हणजे मला संशय आहे. पण संशय मी रिपोर्टवर लिहू शकत नाही. मला त्याचं नाव आणून द्या. डब्यावर असेल. नाहीतर कारखान्यात प्रत्येक रसायनाचं एक माहितीपत्रक असतं. कामगाराने मागितलं तर ते दाखवावंच लागतं, आणि त्याला कळेल अशा भाषेत. तो तुमचा हक्क आहे. तोपर्यंत त्या टेबलावर बसू नका."

"आणि माझ्या शेजारी जी बसते तिने?" ताईने विचारलं.

"तिनेही."

परत येताना ती बसमध्ये आपल्या पायांबद्दल एक अक्षर बोलली नाही. उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, "मास्तरीण, मी तिला आत नेली. मलाच तिला बाहेर काढायला हवं."

पण धाकटी बाहेर निघायला तयार नव्हती. संध्याकाळी ती आमच्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, कामावरून आल्या आल्या.

"डॉक्टर म्हणाल्या म्हणून काम सोडू? वहिनी, तुम्हीच सांगा. त्या बाईंना तरी कुठे माहितीये डब्यात काय असतं ते? त्यांनी उलट ताईलाच विचारलं."

"संशय आहे म्हणाल्या," मी म्हटलं.

"संशय तर मलाही आहे, की ताईने स्वतःकडे लक्ष दिलं नाही. एवढ्या जणी बसतो आम्ही तिथे. बाकी कुणाची चप्पल निसटत नाही. वय झालं की दुखतात नसा."

"बेचाळीस म्हणजे वय?" ताई म्हणाली. "आणि दुखत नाहीयेत त्या. दुखल्या असत्या तर बरं झालं असतं."

धाकटीने खांद्यावरची पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मला कागदावर दाखव. त्या सात नंबरमध्ये असं असं आहे, त्याने असं असं होतं, असं छापलेलं दाखव. त्याच दिवशी सोडते. तुझी शपथ."

"माझी कशाला घालतेस, मी आधीच अर्धी गेलेय."

"ताई!"

"बरं. कागद ना? आणते कागद."

सगळं त्या कागदावर येऊन ठेपलं ते असं.

नाव डब्यावर असतं हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पण आमची पंचाईत अशी की डब्यांवरची नावं ताईनेच खरवडून काढली होती. कारखान्यात भरलेला डबा टेबलापर्यंत येतच नसे. स्टोअरवाला आतल्या आत डबा फोडायचा, सोल्युशन मोठ्या किटलीत काढायचा आणि किटली टेबलावर यायची. किटलीवर रंगाने सात हा आकडा काढलेला, म्हणून ते सात नंबर. रिकामे डबे मात्र बायकांना घरी न्यायला मिळायचे, पाळीपाळीने. चांगले जाड प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे डबे. अट एकच, लेबल काढल्याशिवाय डबा फाटकाबाहेर जाणार नाही. बायकांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लेबल लागलेला डबा तसाही घरात कुणाला हवा होता? आणि लेबल काढण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. गरम पाण्यात तासभर भिजवायचा, मग चमच्याची पाठ एका कडेने सरकवत न्यायची. डाग म्हणून राहत नसे. बाकीच्या जणी आपले डबेही तिच्याकडे द्यायच्या. आमच्या इमारतीत असं घर नव्हतं जिथे ताईच्या हातचा डबा नाही. कुणी त्यात झाडं लावली होती, कुणी कपड्यांचे चिमटे ठेवत होतं, आणि तळमजल्यावर एका घरात तर प्यायचं पाणी भरून ठेवत होते. ते आधी ओतून टाकायला लावलं.

"एकोणीस वर्षांत एकदाही वाचलं नाहीस?" मी तिला विचारलं.

"भिजल्यावर अक्षरं फुगतात गं. आणि बारीक किती! एक चित्र तेवढं आठवतंय. लाल चौकटीत माणूस, छातीपर्यंतचा, काळा. आणि त्याच्या छातीत चांदणी फुटल्यासारखं. मला वाटायचं, यांचे बूट घातले की माणूस असा झळकतो." ती शरीराला आतून इजा करणाऱ्या पदार्थाची खूण असते, हे मला फार नंतर कळलं.

आम्ही तीन मजले हिंडलो. ताई भिंतीला धरून, मी पुढे, आणि रविवार असल्यामुळे आमचे हेही बॅटरी घेऊन मागे. "लोक लेबल बघून वस्तू घेतात, आपण वस्तू बघून लेबल शोधतोय," हे म्हणाले, पण कुणी हसलं नाही तेव्हा बॅटरी नीट धरून उभे राहिले. घराघरांतल्या बायका झाडं उपटून, चिमटे ओतून डबे पुढे करत होत्या, आणि वर कौतुक. "बघा ना, कुठे खरखरीत तरी लागतंय का! ताईच्या हातचं काम." ताई प्रत्येक डबा उजेडाकडे धरून फिरवायची आणि परत द्यायची. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका डब्याच्या कडीखाली नखाएवढा कागद चिकटलेला सापडला. मी चष्मा पुसून वाचला. "पासून दूर ठेवा," एवढंच होतं. कशापासून, ते वरच्या ओळीत असणार, आणि वरची ओळ चमच्याबरोबर गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती स्टोअरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. स्टोअरवाल्याच्या कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा, म्हणून कारखान्यात सगळे त्याला किल्लीभाऊ म्हणायचे. तो ताईच्याच वेळचा माणूस. जे बोलणं झालं ते तिने मला नक्कल करून ऐकवलं.

"किल्लीभाऊ, सात नंबरमध्ये काय असतं?"

"मला काय विचारतेस? मी सात नंबर मागवतो, सात नंबर येतं."

"भरलेला डबा दाखव."

"भरलेला डबा स्टोअरच्या बाहेर येत नाही आणि तू स्टोअरच्या आत येत नाहीस. आता तूच सांग मी काय करू."

"मग तू वाचून दाखव."

"चष्मा घरी राहिलाय."

"नाकावर काय आहे?"

"हा लांबचा आहे."

नक्कल संपल्यावर ती म्हणाली, "वाईट नाहीये तो. खिडकी लावून घेताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही."

साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. हे कारखान्याचं गुपित आहे, म्हणाले, दुसऱ्यांना कळलं तर? "मी कुठे दुसरा कारखाना काढतेय, साहेब?" ताईने विचारलं. ते मनापासून हसले. "तू आराम कर. पाय सुधारले की ये. आणि काळजी करू नकोस, तुझी खुर्ची मी बाहेर जाऊ देत नाही. धाकटीला बसवतो तिथे." ताई चहा अर्धा ठेवून उठली. ती खुर्ची टेबलाच्या टोकाला, किटलीच्या अगदी जवळ होती.

मग मी अर्ज लिहिला. मला वाटतं, आयुष्यात इतका जीव लावून मी काही लिहिलं नव्हतं. कायद्याचं कलम डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर दिलं होतं ते घातलं, ताईच्या तपासण्या जोडल्या, कामगार कार्यालयासाठी अर्जाच्या तीन प्रती केल्या. खिडकीवरच्या माणसाने अर्ज उलटापालटा करून बघितला. "अक्षर छान आहे," म्हणाला, आणि चौथी प्रत मागितली.

चार महिने गेले. त्या चार महिन्यांत आम्हाला त्या कार्यालयाची बाकं पाठ झाली. डावीकडून दुसरं डगमगतं, शेवटचं बरं. सुरुवातीला ताई भिंतीला धरून यायची. पुढे काठी आली. टेबल सुटूनही पाय आणखी उतरत चालले होते. सोडल्यावरही काही महिने असं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. जिन्यात मी तिच्या पुढे उलटी उतरायची, पायरीवर तिचं पाऊल नीट पडलं की नाही ते बघत, कारण तिला ते बघितल्याशिवाय कळत नसे. "पडलं," मी म्हणायची, की ती वजन टाकायची. "पडलं." असे तीन मजले.

इन्स्पेक्टर एकदाचे भेटले. ते काही वाईट नव्हते. पन्नाशीचे, थकलेले, समोर फायलींची चळत.

"ताई, एकशे चाळीस कारखाने आहेत माझ्याकडे आणि एक मोटारसायकल. तिचेही पाय गेलेत. पण तुमच्याकडे येतो. पत्र काढतो आजच."

"पत्र कुणाला?" मी विचारलं.

"कारखान्याला. तपासणीच्या आधी कळवावं लागतं. पद्धत आहे."

ताईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. पण त्यांनी आमच्यासमोर पत्रावर सही केली, शिक्का मारला, आणि इतक्या महिन्यांनी कुणीतरी आमच्यासमोर काहीतरी केलं म्हणून आम्ही आभार मानून बाहेर आलो. मी तर बाहेर आल्यावर तिला म्हटलंही, "झालं बघ काम."

तपासणी कशी झाली ते धाकटीकडून कळलं. ती खुशीत होती.

"काय सांगू वहिनी, ओळखू येत नव्हता कारखाना! आदल्या दिवशी सगळं धुऊन काढलं. सगळ्यांना तोंडाला बांधायला पट्ट्या. आणि पहिल्यांदा टेबलावर भरलेले डबे ठेवले, निळ्या झाकणाचे, लेबल पुढे करून. इन्स्पेक्टरसाहेब आले, डबा हातात घेतला, सगळं लिहून घेतलं. मग मलाच विचारलं, हेच वापरता का? म्हटलं, हो. हातात तोच ब्रश होता ना माझ्या."

ताई पलंगावर बसली होती. "वास कसा होता?" तिने विचारलं.

"वास? फारसा नव्हता. बरंच वाटलं."

"वाळायला किती वेळ घेतला?"

"अगं, वाळतच नव्हतं. वाट बघून बघून कंटाळलो. आणि बसवलेले सोल संध्याकाळी सुटायला लागले. सगळा माल पुन्हा चिकटवायला लागला. दुसऱ्या दिवशी आलं सात नंबर किटलीतून, तेव्हा कुठे काम सुरळीत."

बोलता बोलता ती थांबली. ताई तिच्याकडे बघत होती. मीही.

"काय झालं?" धाकटी म्हणाली. "खोटं नाही बोलले मी. त्या दिवशी तेच वापरत होतो."

कागद पंधरा दिवसांनी रजिस्टरने आला. ताईच्या नावावर, जाड पाकिटात. तिच्या बोटांना पाकीट फाडता येईना म्हणून धाकटीनेच ते फाडलं आणि जिन्यातच उभ्या उभ्या मोठ्याने वाचायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच होतं सगळं, अगदी आपल्याला कळेल अशा भाषेत. पदार्थाचं नाव. घटक. हे उत्पादन पाण्यात तयार केलेले आहे. नेहमीच्या वापरात आरोग्यास धोका आढळलेला नाही. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने धुवावे. खाली साहेबांची सही, शिक्का, आणि त्याखाली इन्स्पेक्टरांचा शिक्का.

"बघ!" धाकटीने तिला मिठीच मारली. "चार महिने माझा जीव टांगणीला लावलास. मी रोज ब्रश उचलताना बोटं हलवून बघायची, माहितीये तुला? रोज. आता बघ, छापलंय. सरकारी शिक्का आहे."

"हे त्या डब्याचं आहे," ताई म्हणाली. "निळ्या झाकणाच्या. सात नंबरचं नाही."

"सात नंबर म्हणूनच दिलंय. हे बघ, वर लिहिलंय."

"सात नंबर लगेच ओढ धरतं. हे वाळत नव्हतं, तूच म्हणालीस."

"ताई, तू कागद मागितलास. तू, मी नाही. आला ना कागद?" तिने कागद ताईसमोर धरला. "आता यालाही नाही म्हणणार असशील तर मी काय करायचं सांग. कुठला कागद आला की तुझं समाधान होईल?"

मी तो कागद तिच्या हातातून घेतला. माझ्याच अर्जाचं ते उत्तर होतं, आणि माझा अर्ज चांगला होता.

आम्ही कागद डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. "याने असं होत नाही," त्या म्हणाल्या. मग कागद टेबलावर ठेवला. "मला कळतंय तुम्ही काय म्हणताय ते. पण आता माझ्यासमोर हे आहे. मी रिपोर्टवर 'कारण अज्ञात' एवढंच लिहू शकते. याआधी मी काहीच लिहिलं नव्हतं, ते तरी बरं होतं." उठताना त्यांनी ताईचा हात धरला. बाकी त्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

इन्स्पेक्टरांकडेही गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, आणि ताईला शेवटचं बरं बाक दिलं.

"माहिती मागितलीत, माहिती मिळाली. फाइल बंद झाली, ताई."

"ते वेगळं होतं, साहेब."

"कशावरून?"

"वासावरून. वाळण्यावरून. एकोणीस वर्षं लावलंय मी."

ते थट्टेने नाही, खालच्या आवाजात म्हणाले, "नाक पुराव्यात धरत नाहीत हो. जुना एखादा डबा आहे का, लेबलासकट?"

ताईने मान हलवली.

"मग एकच मार्ग. टेबलावर काम करणाऱ्या कुणीतरी लिहून द्यायचं, की तपासणीच्या दिवशी डबे बदलले होते. सहीनिशी. मी फाइल उघडतो, आणि या वेळी पत्र न काढता जायची वरून परवानगी मागतो. बहीण आहे ना तुमची तिथे?"

मजकूर मी लिहिला. पाच ओळींचा. धाकटीने तो हातात घेतला, वाचला, आणि न चुरगाळता, नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"वहिनी, इन्स्पेक्टरना 'हेच वापरतो' म्हणून मी सांगितलंय. आता 'हे वापरत नाही' म्हणून मीच लिहून देऊ? तिथल्या बाकीच्या जणी मला पाण्यात बघतील. साहेब काय करतील ते तर सोडाच. ताई घरी बसलीय. मीही घरी बसले तर दोघींनी काय करायचं? काठी वाटून घ्यायची?"

"माझ्यासाठी नको," ताई म्हणाली. "स्वतःसाठी दे."

"स्वतःसाठीच देत नाहीये."

ताईने पुन्हा विचारलं नाही. एवढ्या वर्षांत मी तिला कुणापुढे हात जोडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती जोडू पाहत होती आणि बोटं एकमेकांवर नीट बसत नव्हती. धाकटीने ते बघितलं आणि तोंड फिरवून रडली. पण सही केली नाही. मला तिचा राग आला होता. नंतर मी विचार करून बघितला, तिच्या जागी मी असते तर सही केली असती का, आणि मला हो म्हणता आलं नाही.

आता ती टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसते. नवीन आलेल्या दोघींना तीच शिकवते. वासावर वेळ ओळखायला लागलीय म्हणे, साहेबांनी तिची पाठ थोपटली.

परवा सकाळी मी ताईला चहा द्यायला वर गेले तेव्हा धाकटी निघायच्या घाईत होती. पिशवी खांद्याला, तोंडात घास. ताई दाराला टेकून उभी होती.

"ऐक," ताई म्हणाली. "निदान खिडकीजवळ तरी बसत जा. खिडकी उघडून."

"खिडकी नाही उघडत, ताई. धूळ येते. सोल्युशनवर बसली की सोल धरत नाही." धाकटी पिशवीचा बंद सारखा करत होती. "तूच शिकवलंयस."

"हो," ताई म्हणाली. "मीच."

धाकटी जिना उतरून गेली.